आधी पाना, मग चावी

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो आणि अकरावीचे वर्ग नीट भरू लागेपर्यंत पावसाळा उजाडतो. मधल्या तीन-चार महिन्यांचं करायचं काय, हा प्रश्न दर वर्षी राज्यातल्या लाखो घरांत पडतो. उत्तरंही ठरलेली असतात: जेईई-नीटचा फाउंडेशन कोर्स, इंग्रजी संभाषणाचा वर्ग, पोहणं, गावाकडे एक चक्कर. आणि या सगळ्यामागे पालकांची एक तक्रार सतत चालू असते. मुलांना धीर म्हणून नाही. मोबाइलवर एखादं पान उघडायला जरा वेळ लागला की वैतागतात, गणित पहिल्या झटक्यात सुटलं नाही की मागचं उत्तर बघतात, व्हिडिओसुद्धा दीडपट वेगाने पाहतात.

तक्रार खोटी नाही. पण तिच्यावर घरोघरी जो इलाज होतो तो निव्वळ बोलण्याचा. ‘जरा दम धर’, ‘घाई करू नकोस’, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ अशा वाक्यांनी कुणाच्या अंगी सबुरी आल्याचं ऐकिवात नाही. घाईने केलं की तिथल्या तिथे फसतं आणि बेताने केलं की तिथल्या तिथे जमतं, अशा कामातून ती अंगी येते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी असं काम शोधायचं, तर बंद पडलेली एक जुनी चारचाकी, पान्यांचा एक संच आणि शिकवायला राजी असलेला मिस्त्री, याहून चांगली सोय दुसरी नाही. आयुष्यातली पहिली गाडी चालवायच्या आधी ती दुरुस्त करावी आणि त्यासाठी एक सुट्टी खर्ची घालावी, हे इथे पूर्ण गांभीर्याने सुचवायचं आहे.

गाडी कोणती, याचं उत्तर बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्येच उभं आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत कितीतरी मध्यमवर्गीय घरांत आलेली पहिली गाडी हीच होती. त्यांतल्या अनेक आज कव्हरखाली, टायर बसलेल्या आणि बॅटरी उतरलेल्या अवस्थेत धूळ खात आहेत. शिकायला मात्र ती उत्तम. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, २००० च्या सुमारास फ्युएल इंजेक्शन येईपर्यंत साधा कार्बोरेटर, क्लचला केबल, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. बॉनेट उघडलं की हात घालायला जागा असते आणि कुठला पाइप कुठून निघून कुठे जातो ते डोळ्यांनी दिसतं. एखाद्या बऱ्या मोबाइलच्या किमतीत जुनी ८०० मिळून जाते. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला मिळतात. तालुक्याच्या गावीही एखादं दुकान असतंच. त्याआधीच्या पिढीची प्रीमियर पद्मिनी तर कुर्ल्याच्याच कारखान्यातली. तिची रचना आणखी सोपी, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि आता तिच्या भागांसाठी वणवण करावी लागते.

महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी सुरू होत नाही, तेव्हा नवशिक्याचा पहिला आवेग असतो सेल्फ मारत राहण्याचा. बॅटरी उतरते आणि गाडी होती तिथेच राहते. मिस्त्री येतो आणि तीन गोष्टी विचारतो: पेट्रोल येतंय का, करंट येतोय का, कंप्रेशन आहे का? पेट्रोलचं इंजिन चालायला मुळात या तीन गोष्टी लागतात आणि त्या एकेक करून तपासायच्या असतात. प्लग काढून वायरीच्या टोपीत बसवायचा, इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायचा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं आणि निळी ठिणगी पडते का ते बघायचं. पडली, म्हणजे एक शंका मिटली. मग पेट्रोलचा पाइप, मग फिल्टर, मग कार्बोरेटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम चांगला मिस्त्री पहिल्याच दिवशी घालून देतो. प्लग, फिल्टर आणि वायरी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर दोष नेमका कशात होता हे कधीच कळत नाही. प्रयोगवहीत वर्षानुवर्षं लिहिलं जाणारं तत्त्व इथे हाताला काळं लागून समजतं.

कार्बोरेटर उघडला की आत बहुधा वाळलेल्या पेट्रोलचा पिवळसर, चिकट थर निघतो. पेट्रोल ज्यातून मोजून जातं ती जेटची भोकं इतकी बारीक असतात, की त्यांत कचऱ्याचा एक कण अडकला तरी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. उतावळा माणूस त्यात तार खुपसतो. तार मऊ पितळेला ओरखडे पाडते, भोक किंचित मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल जास्त पिते, काळा धूर सोडते. बरोबर पद्धत संथ आहे. जेट काढायचे, क्लीनरमध्ये भिजत ठेवायचे, हवा मारायची, उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघायचं आणि दिसत नसेल तर पुन्हा भिजवायचे. उघडताना प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने पेपरवर मांडून ठेवायचा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. उघडायला अर्धा तास लागलेली वस्तू जोडायला अख्खी दुपार लागू शकते, हे मुलाला तेव्हा उमगतं.

गंजलेला बोल्ट हा या शाळेतला सगळ्यात कडक मास्तर. सायलेन्सरच्या सांध्याचे बोल्ट वर्षानुवर्षं तापून आणि पावसात भिजून नटाशी एकजीव झालेले असतात. जोर लावला की दोनच गोष्टी होतात. बोल्टचं डोकं गोल होतं, नाहीतर बोल्ट मध्येच तुटतो. तुटलेला बोल्ट काढायचा तर ड्रिल मारून, नवे आटे पाडून घ्यावे लागतात आणि त्यासाठी लेथवाल्याचं दार गाठावं लागतं. म्हणून जाणता मिस्त्री काय करतो? तारेच्या ब्रशने गंज घासतो, वर गंज सोडवणारं तेल मारतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. संध्याकाळी पुन्हा तेल, सकाळी हलकेच हातोडीचे दोन ठोके. मग नीट बसणारा रिंग पाना लावून थोडं सोडवायचं, थोडं परत आवळायचं, पुन्हा सोडवायचं. बारीक करकर झाली आणि बोल्ट फिरला, की मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही गुणपत्रिकेने उमटत नाही. कारण आदल्या दिवशी त्याने जे केलं नाही, जो जोर लावला नाही, त्याचं फळ त्याच्या हातात आलेलं असतं.

ब्रेकमधली हवा काढण्याचं काम एकट्याने साधत नाही. कल्पना करा, मुलगी मागच्या चाकाशी बसली आहे, ब्रेकच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत सोडलेलं. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर. ती सांगते, “बाबा, दाबा.” तो पेडल दाबतो. “धरून ठेवा हं.” ती निपल पाव फेरा उघडते, नळीतून बुडबुडे निघतात, ती निपल बंद करते. “आता सोडा.” निपल बंद व्हायच्या आधी बाबांनी पाय उचलला, तर हवा परत आत ओढली जाते आणि त्या चाकाचं काम पुन्हा पहिल्यापासून. मध्येच टाकीतलं ऑइल तळाला गेलं, तरी तेच. असं चारही चाकांना, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. एरवी सोळा वर्षांच्या मुलीचा आणि बापाचा संवाद ‘जेवलीस का’च्या पलीकडे जात नाही अशी घरं कमी नाहीत. इथे दोघांना एकमेकांचं ऐकावंच लागतं, आणि हुकूम मुलीचा चालतो.

या कामांतून येणाऱ्या सबुरीकडे संशोधनाच्या नजरेनेही बघता येतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत केलेले मार्शमेलोचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. लहान मुलासमोर एक गोड वडी ठेवायची आणि सांगायचं, आत्ता खाल्लीस तर एकच, थांबलास तर दोन. जी मुलं जास्त वेळ थांबली ती पुढे अभ्यासात सरस ठरली, असा त्याचा गाजावाजा झाला आणि ‘संयमी मूल यशस्वी होतं’ हे जणू सिद्धच झालं. २०१८ मध्ये कितीतरी अधिक मुलांची माहिती घेऊन तो संबंध पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर परिणाम बराच आटला.

त्याहून महत्त्वाचा आहे तो रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. दोन्ही गटांना आधी सांगितलं, थांबा, तुमच्यासाठी चांगले रंग आणते. एका गटाला ते खरोखर आणून दिले. दुसऱ्याला सांगितलं, नाहीत रे. मग वडीचा खेळ. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांची निराशा झाली होती ती ३ मिनिटं. मुलं तशीच, वयं तीच. फरक होता तो इतकाच, की थांबल्याचं फळ मिळतं यावर त्यांचा विश्वास बसला होता की नाही.

मुलांना धीर नाही म्हणणाऱ्यांनी या प्रयोगापाशी थोडं थांबायला हवं. आजच्या मुलांच्या वाट्याला थांबणं कमी आलेलं नाही. प्रवेशाच्या याद्यांसाठी थांबा, निकालासाठी थांबा, परीक्षेच्या लांबलेल्या तारखांसाठी थांबा. घरातला मोठा भाऊ स्पर्धा परीक्षेची जाहिरात कधी निघते याची वाट बघत वय घालवतो आहे, हेही ती बघतात. या थांबण्याचा आणि फळाचा संबंध त्यांना दिसत नाही. दिसतो तो कुणाचा तरी कारभार. मग त्यांनी थांबण्यावर विश्वास का ठेवावा? गाडीच्या दुरुस्तीत मात्र हा संबंध लख्ख असतो. तेल मुरू दिलं की बोल्ट सुटतो. हवा पूर्ण काढली की पेडल घट्ट होतं. चाकाचे नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलं की चाक सरळ बसतं. यंत्र कुणाची ओळख बघत नाही, रडारडीला बधत नाही आणि दिलेला शब्द मोडत नाही. थांबण्याचं मोल चुकतं होतं, हे मुलाला पुन्हा पुन्हा आणि स्वतःच्या हाताने अनुभवता येतं. धीर रुजतो तो अशा अनुभवावर.

शाळकरी वयातल्या अशा एका दुरुस्तीतून पुढे केवढं उभं राहिलं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तेव्हाच्या सिलोनमध्ये १९३८ साली जन्मलेला जॉन हेन्स हा मुलगा केंट परगण्यातल्या सटन व्हॅलेन्स या निवासी शाळेत शिकत होता. मैदानावर रग्बी खेळण्याच्या वेळात त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीचा सांगाडा घेऊन तिची छोटी स्पोर्ट्‌स गाडी बनवली. शाळेने परवानगी दिली, हे विशेष. गाडी विकली गेली तेव्हा चौकशा इतक्या आल्या, की १९५६ मध्ये त्याने ती कशी बनवली याची चित्रांसह पुस्तिका काढली. २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. पुढे हवाई दलात असताना एडन इथे एका सहकाऱ्याची मोडकळीला आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट त्याने टप्प्याटप्प्याने फोटो काढत खोलली आणि पुन्हा जोडली. त्यातून १९६६ मध्ये पहिलं ‘हेन्स मॅन्युअल’ निघालं. घरी बसणाऱ्या माणसाला गाडी कशी दुरुस्त करायची हे सांगणाऱ्या या पुस्तकांच्या जगभरात २० कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यांची ओळख एकच: गाडी आधी पूर्ण खोलायची, पूर्ण जोडायची आणि मगच लिहायचं.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं अवर्षणग्रस्त गाव आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत रमत नाहीत म्हणून ‘नापास’चा शिक्का बसलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी अशी कामं करत विज्ञान शिकली. जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर आश्रमात तयार झाला. त्याच पद्धतीवर आधारलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस शिकवला जातो, आणि त्यात मुलीही डोळ्यांवर काच धरून वेल्डिंग करतात. हाताच्या कामातून शिक्षण ही मागणी तर त्याहून जुनी. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती याच मातीत.

आता आक्षेपांकडे वळायला हवं, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं; खाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय पाय टाकू नये, आणि हे मोठ्यांच्या देखरेखीतच व्हावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर उडतं. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना ती शेवटी. पेट्रोल उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब. प्लगची ठिणगी बघायची तीही आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करूनच. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि मुलाने बसवलेले ब्रेक जाणत्या मिस्त्रीने तपासल्याखेरीज गाडी जागची हलवायची नाही. हे नियम पाळणं हाच या शिक्षणाचा मोठा भाग आहे.

दुसरा कायद्याचा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे चारचाकी चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर न्यायला दोन वर्षं थांबावं लागणार. हे नुकसान नव्हे, फायदा आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करेल. पण अल्पवयीन मुलांच्या हाती गाडीची चावी देणारी घरं राज्यात अनेक आहेत, हे कुठल्याही शहरात संध्याकाळी रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. त्या मुलांना गाडी म्हणजे वेग एवढंच ठाऊक असतं. ज्याने ब्रेकमधली हवा स्वतः काढली आहे, आपण थांबतो ते एका बारीक नळीतल्या तेलाच्या आणि रबराच्या एका छोट्या वायसरच्या भरवशावर हे ज्याने पाहिलं आहे, त्याचा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय वेगळा असतो.

तिसरा खर्चाचा आणि कागदपत्रांचा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओची तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी घेण्याआधी आरसी बुक बघायचं, हे म्हणून पहिलं काम. ज्यांना चारचाकी झेपत नाही त्यांच्यासाठी घरची बंद पडलेली स्कूटर, मोटारसायकल, शेतातला पंप किंवा अगदी सायकलही चालते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरू केलेलं दुकान सायकलींचंच होतं, आणि तिथूनच पुढे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली.

चौथा आक्षेप असा, की आताच्या गाड्या संगणकावर चालतात, जुनी ८०० खोलून काय उपयोग? नव्या गाडीला स्कॅनर लावला की दोषाचा कोड मिळतो, हे खरं. पण कोड फार तर कुठल्या भागात गडबड आहे एवढं सांगतो. सेन्सर गेला, वायर उंदराने कुरतडली की नुसताच पिनेवर गंज चढला, हे माणसालाच एकेक करून शोधावं लागतं. ती शोधण्याची रीत कार्बोरेटरच्या काळातलीच आहे. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनं आहेत. वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क मागायचा, तर दुरुस्ती येणारी पिढीही हवी.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड. राज्यात गावोगावच्या गॅरेजांत अशी मुलं आहेत ज्यांच्यासाठी पाना हा सुट्टीतला छंद नाही. शाळा सुटली म्हणून ती तिथे आहेत. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच मानला गेला पाहिजे. त्या मुलाच्या कष्टाला ‘संयमाचं शिक्षण’ असं गोंडस नाव देणं निर्दयपणाचं होईल. फरक स्पष्ट ठेवायला हवा. शिकणाऱ्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो, चूक करायची मुभा असते, आणि जूनमध्ये तो वर्गात परततो. राबणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. पण याच फरकातून आणखी एक गोष्ट निघते. ज्या मिस्त्रीकडे डॉक्टरचा किंवा वकिलाचा मुलगा महिनाभर शिकायला बसतो, त्या मिस्त्रीच्या विद्येला त्या घरात मान मिळू लागतो. आवाजावरून ‘मिसिंग मारतेय, दुसरा सिलिंडर बघ’ असं सांगणारा माणूस किती अभ्यासू आहे, हे त्या मुलाला आयुष्यभर पुरतं. त्या मानाबरोबर मिस्त्रीला शिकवण्याचा मोबदलाही मिळायला हवा. क्लासची फी भरणाऱ्या पालकांना तो जड जाऊ नये.

हे सगळं पालकांच्या हौसेवर सोडून चालणार नाही, नाहीतर ज्यांच्या घरी पार्किंग आहे त्यांच्यापुरतंच ते राहील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सांगितला आहे, त्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावं अशी कल्पना आहे. बारावीपर्यंतच्या मुलांना सुट्टीतही अशी संधी द्यावी, हेही त्याच धोरणात आहे. दहा दिवसांत काम बघून होतं. बिघडवून, उमगून, पुन्हा जमवायला सुट्टीच लागते. धोरणातल्या त्या दुसऱ्या वाक्याची अंमलबजावणी आता व्हायला हवी.

त्यासाठी नव्या इमारती नकोत. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. त्यांतल्या अनेकांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, पिट आहे, हत्यारं आहेत. मे महिन्यात पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी या कार्यशाळा उघडाव्यात, लहान तुकड्यांत, प्रत्येक तुकडीमागे एक निदेशक आणि बाहेरचा एक अनुभवी मिस्त्री. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुनी सरकारी वाहनं भंगारात काढण्याचा नियम लागू आहे. त्यांतल्या थोड्या जीपगाड्या आणि मोटारी, पुन्हा कधीही रस्त्यावर न येण्याच्या अटीवर, या कार्यशाळांना देण्याची सवलत नियमात करून घ्यावी. गुण, श्रेणी, स्पर्धा यातलं काही ठेवू नये. प्रत्येक मुलाने एक वही ठेवावी: काय बिघडलं होतं, काय तपासलं, काय फसलं, काय जमलं. मुलींच्या जागा राखून ठेवाव्यात, कारण नाहीतर त्या भरल्याच जाणार नाहीत. निदेशकांचं मे महिन्याचं मानधन आणि मुलांचा अपघात विमा यांची तरतूद येत्या अर्थसंकल्पात झाली, तर पहिल्या तुकड्या पुढच्याच उन्हाळ्यात उभ्या राहू शकतात.